सात पुस्तकं, एक कार्ड

बद्रूच्या सातही पुस्तकांत कुणी मरत नाही, याचं पुण्याच्या एका परीक्षकाला भारी कौतुक वाटलं. मासिकात पानभर लिहिलं त्यानं. ग्रामीण मनाची निरागसता, बालमनाची जाण आणि काय काय. डोंबलाची निरागसता! मी ते बद्रूला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, "मच्छिंद्रा, ठेव बाजूला." ठेवलं. पण मला राग यायचा तो आलाच, म्हणून सांगतो. न्हावऱ्याच्या पोस्टात मी बावीस वर्षं काढली. शिक्का मारायला मीच आणि वाटायलाही मीच. या गोष्टीतलं कार्ड माझ्या हातातून गेलंय, त्यामुळं ऐकीव फार थोडं आहे.

बद्रुद्दीन सुभान मुलाणी. बाप गावचा मुलाणी. जत्रेत, लग्नात, कुठं नवस फेडायचा असला की बकऱ्यावर सुरी फिरवायचा मान त्याचा. बद्रू दीड वर्षाचा असताना त्याची आई गेली आणि शेजारच्या सोजरामामीनं त्याला उचलून आपल्या चुलीपाशी नेलं. सोजरामामी म्हणजे हौसराव आबांची बायको. आबांची बागायत होती, सोसायटीचं चेअरमनपद होतं, गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. मूल उशिरा झालं आणि एकच झालं, अनसा. तिला बद्रूनंच कडेवर खेळवली. ती दिवसभर साळुंकीसारखी बडबडायची म्हणून आबा तिला साळू म्हणायचे. दुसऱ्या कुणी त्या नावानं हाक मारली तर चिडायची.

सातवी फायनल झाल्यावर बद्रू घोडनदीला एका वकिलाकडं अर्ज लिहायला होता. शिरूरला तेव्हा सगळे घोडनदीच म्हणायचे. तिथंच कुणाच्या तरी ओळखीनं त्याला पुण्याच्या एका दैनिकाचं वार्ताहरपण मिळालं. पन्नास सालची गोष्ट. सायकल काढायची, कारेगावची जत्रा, कुठला बंधारा, कचेरीवरचा मोर्चा, असेल ते बघायचं आणि टपाल स्वस्त पडावं म्हणून उघड्या पाकिटात घालून माझ्याकडं आणून द्यायचं. छापून यायचं "आमच्या वार्ताहराकडून". सुभानचाचा पेपर उलटासुलटा करून विचारायचे, "ह्यात तुजं नाव कुठं हाय रं?"

"आमच्या वार्ताहराकडून म्हंजी मीच की, अब्बा."

"मग सरळ मुलाण्याकडून म्हणायला काय पोटात दुखतं त्यांच्या?" म्हाताऱ्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

संपादकानं पहिल्याच पत्रात ताकीद दिली होती. कोण, काय, कुठं, कधी, आणि पुढं काय. यातलं एक जरी राहिलं तरी बातमी केराच्या टोपलीत. बद्रूच्या अंगात ते इतकं मुरलं की मुमताजवहिनी, त्याची बायको, आम्हाला हसत सांगायची, "बाजाराला निघालं तरी कुठं, कवा, संगं कोण, परत कवा, समदं सांगत्यात. घरात बी बातमीच असती."

त्रेपन्नपासून तो कथा लिहायला लागला. दिवाळी अंकांत यायच्या. रडवायचा मेला! शाळेच्या ओट्यावर मास्तर वाचून दाखवायचे आणि बायका पदर तोंडाला लावून बसायच्या. त्याचा हातखंडा एकच, माणूस मरताना काय बोलतो. मोठं काही नाही. कुणी भाकरीचं विचारतो, कुणी वासराचं दावं सुटलंय म्हणतो. पण ते त्याच माणसाचं वाटायचं, दुसऱ्याचं नाही. पुण्याच्या प्रकाशकानं पंचावन्नला एक संग्रह काढला, दुसऱ्याची बोलणी चालू होती. मला म्हणायचा, "मच्छिंद्रा, एक दिवस तुज्या पोस्टात फकस्त माजीच पत्रं येतील बघ." शेफारला होता थोडा. त्याच्याबरोबर मीही शेफारलो होतो, खरं ते सांगावं.

सत्तावन्न साल, भादवा. सोमवारी सकाळी आबा गोठ्यापुढं उभे होते आणि कावळा त्यांच्या डोक्याला शिवला. नुसता शिवला नाही, पटक्यावर टेकला, चोच मारली आणि उडाला. आबांनी हात झटकला आणि मोटेकडं निघून गेले. पण सोजरामामीनं बघितलं होतं आणि तिचा धीर सुटला.

डोक्याला कावळा शिवला की त्या माणसाचं मरण जवळ आलं म्हणतात. आमच्याकडं त्याला उतारा आहे. जवळच्या नातलगाला खोटंच कळवायचं, माणूस गेला. ते खरं समजून रडले की मरण तिथंच फिटलं. तीन दिवसांनी दुसरं पत्र टाकायचं, बरे आहेत, काळजी नसावी. ज्याचं मरण टाळायचं त्याला पत्ता लागू द्यायचा नाही, आणि ज्याला ठाऊक आहे त्यानं तोंड उघडायचं नाही. उघडलं की उतारा फुकट. हसू नका. असली पत्रं तुमच्या पुण्यातही जातात, मी शिक्के मारलेत.

जाणत्या बायकांना यातली एक खूण ठाऊक असायची. खोट्या पत्रात दहाव्याचा दिवस लिहायचा नाही. पत्र पोचलं की तिकडची म्हातारी बरोबर विचारते, "दहावा कधी लिहिलाय?" लिहिलेला नसला की ती काय ते समजते. सुनेला रडू देते, पण घराबाहेर पडू देत नाही. मामीला ही खूण सांगायची सुचली नाही. आणि मुलाण्याच्या पोराला ती कुठून ठाऊक असणार?

अनसा तेव्हा लग्न होऊन वरवंडला नांदत होती. मंगळवारी सकाळी मामी कोरं कार्ड घेऊन बद्रूकडं गेली. हे मला नंतर त्यानंच सांगितलं.

"मामी, आमच्यात असलं काय नसतंय," बद्रू म्हणाला. "आन् अनसाला खोटं लिव्हू? माज्यानं व्हायचं न्हाई."

"तुला मी कवा काय मागितलंय का रं?" मामी म्हणाली. "एवढं लिव्ह. असं लिव्ह की पोरगी खरी रडली पायजे. वरवरचं रडून चालत न्हाई."

मुमताजवहिनी आतून म्हणाली, "जित्या माणसाचं मरण लिव्हू नका." पण मामीपुढं बद्रूची मान वर होत नसे. लिहिलं त्यानं.

आणि लिहिलं कसं! दुपारी कार्ड माझ्याकडं आलं. दुसऱ्याचं कार्ड वाचू नये असा नियम आहे. तो कोणत्या पोस्टमननं पाळलाय, मला दाखवा. आईच्या नावानं लिहिलं होतं:

"चि. सौ. अनसास आशीर्वाद. तुझे आबा सोमवारी दिवस मावळताना गेले. दुखणं काही नव्हतं. गोठ्यात तांबडीच्या पाठीवरून हात फिरवत होते. म्हणाले, साळू आली का? मी म्हटलं, ती कशी येईल, ती वरवंडला. थोड्या वेळानं परत तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. दहावा पुढच्या बुधवारी, मळ्याच्या ओढ्यावर."

कोण, काय, कुठं, कधी, पुढं काय. सगळं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी समोरच्या पारावर आबा कुणाला तरी शिव्या हासडत बसलेले मला दिसत होते. दहाव्याचा वार वाचून मात्र मी चपापलो. ती खूण माझ्या आईमुळं मला ठाऊक होती. उठावं, बद्रूला जाऊन ती ओळ खोडायला सांगावी, असं वाटलं. पण बोललं की उतारा फुकट, आणि आबांना काही झालं असतं तर बोल माझ्यावर. दुसरंही एक सांगतो, लाज वाटते पण सांगतो. इतकं चांगलं लिहिलेलं खोडायला मला नको वाटलं. मारला शिक्का.

न्हावऱ्याहून वरवंड सरळ गेलं तर फार लांब नाही, मध्ये फक्त भीमा. पण टपाल जायचं घोडनदी, पुणं, दौंड असा वळसा घेऊन. गुरुवारी सकाळी कार्ड पोचलं. अनसाचा नवरा आनंदराव दौंडला रेल्वेत फायरमन होता, तो ड्यूटीवर. सासू कस्तुराबाईनं शेजारच्या मास्तरांकडून कार्ड वाचून घेतलं आणि विचारायचं ते विचारलंच, "दहावा कवा लिव्हलाय?"

"बुधवारी," मास्तर म्हणाले.

म्हातारीनं कपाळाला हात लावला. मरणाचं पत्र घरात ठेवत नाहीत, तिथंच फाडून टाकलं. "आनंदा येऊ दे, मग जावा," ती म्हणत होती. अनसानं तीन वर्षांची तुळजा सासूच्या मांडीवर टाकली आणि नेसत्या लुगड्यानिशी निघाली. साळू आली का, साळू आली का, एवढंच तोंडात होतं म्हणे.

भीमेला पाणी चढलं होतं. तेव्हा तिथं पूल नव्हता. नावाडी नको म्हणत होता, पण तिचं रडणं बघून त्यानं नाव काढली. आणखी तिघं बसले. मधल्या धारेत नाव उलटली. नावाडी आणि दोघं पोहून निघाले. एक म्हातारा आणि अनसा निघाली नाहीत.

शुक्रवारी सकाळी आमच्या गावात एवढंच कळलं की भीमेत नाव बुडाली. बद्रूनं वही घेतली आणि सायकलवर टांग टाकली. त्याच सकाळी तीन दिवस झाले म्हणून मामीनं दुसरं कार्ड पेटीत टाकलं होतं. तेही बद्रूनंच आधी लिहून ठेवलेलं. आबा सुखरूप आहेत, काळजी नसावी. मी त्यावरही शिक्का मारला आणि थैलीत घातलं.

काठावर बद्रू नावाड्याला विचारून नावं उतरवून घेत होता. "बाई कोण?"

"वरवंडची. न्हावऱ्याच्या हौसरावांची लेक. बाप मेला म्हणून रडत निघाली व्हती, बाबा. मी नगं म्हणत व्हतो."

बद्रूनं ते लिहून घेतलं. हाताला सवयच तशी. निम्मं वाक्य कागदावर उतरल्यावर आपण काय लिहितोय ते त्याला कळलं. तो तिथंच चिखलात बसला आणि दुसऱ्या दिवशी अनसा सापडेपर्यंत हलला नाही. तिला ओळखलं ते त्यानंच.

दुसरं कार्ड सोमवारी वरवंडला पोचलं. तोवर अनसाची राख सावडून झाली होती. मास्तरांनी ते वाचलं तशी कस्तुराबाई त्यांच्याच अंगावर धावून गेली म्हणतात. कुणाच्या अंगावर जाणार दुसरं? माझ्या अंगावर यायला हवं होतं.

बातमी बद्रूनं पाठवली, सात ओळींची. बाई का निघाली होती ते तेवढं लिहिलं नाही. संपादकाचं पत्र आलं, "सदर महिला पुरात कोठे व का निघाली होती? तपशील त्वरित पाठवा." त्या पत्राला उत्तर म्हणून बद्रूनं वार्ताहरपण सोडलं.

आबांना मामीनं स्वतः सांगितलं. स्वतःला वाचवलं नाही आणि बद्रूचं नावही लपवलं नाही. गावातली चार टाळकी लगेच मुलाण्याच्या घराकडं निघाली. आबा आडवे आले. "पोरगी माजी, निवाडा माजा. मधी कुणी पडलं तर तंगडं मोडीन." आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बद्रूला बोलावलं. मलाही. आम्ही ओसरीवर बसलो. आबांनी बद्रूपुढं कोरं कार्ड टाकलं.

"लिव्ह."

"काय लिव्हू, आबा?"

"लिव्हलं व्हतंस तेच. त्यांनी फाडलंय ते. माजी पोरगी कशानं निघाली ते मला आयकायचंय."

बद्रूनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. त्यानं लिहायला घेतलं. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. मी ते वाचलं होतं, मला माहीत. झाल्यावर आबा म्हणाले, "वाच." तो वाचू लागला. तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं, इथवर आला आणि आबांच्या तोंडून असा आवाज निघाला की मामी आतून धावत आली. लेकीच्या चितेपाशी हा माणूस रडला नव्हता.

"व्हय," डोळे पुसून आबा म्हणाले. "मी असंच इचारलं असतं. मरताना हेच म्हणलो असतो. तुला कसं कळलं रं, भाड्या?"

बद्रूनं त्यांचे पाय धरले. "मारा मला, आबा."

"मारून काय करू? ती येणार हाय का?" आबांनी पाय सोडवून घेतले. "तुज्या हातात बळ हाय, ते बघितलं मी. आता आयक. नातीला मी हितं आणतोय. ती शाळंत जाईल, वाचाया शिकंल. ती रडंल अशी एक वळ बी ह्या हातानं लिव्हायची न्हाई, जित्ता हाईस तवर. आन् ह्या पत्राचं तिला कळता कामा न्हाई. घे शपथ."

बद्रूनं घरी जाऊन कुराणावर हात ठेवला आणि शपथ घेतली. मी दारात उभा होतो.

आता पुस्तकांचं ऐका. दिवाळी अंकवाल्यांची पत्रांवर पत्रं यायची, मी नेऊन द्यायचो, तो उघडायचाही नाही. अर्धा झालेला दुसरा संग्रह चुलीत गेला. दोन वर्षं तो घोडनदीला परत अर्जच लिहीत राहिला. मग तुळजा शाळेत जायला लागली आणि एक दिवस येऊन म्हणाली, "बद्रूमामा, मला गोष्ट लिव्हून द्या." दिली. पोपटाची. दौंडच्या एका लहानशा छापखान्यानं ती रंगीत चित्रं घालून छापली, शिरूर-दौंडच्या शाळांनी घेतली. मग दरसाल एक. सात झाली.

त्याला लिहिताना बघायला हवं होतं तुम्ही. शेळी रानात चरायला गेली, एवढं लिहायचा आणि मला विचारायचा, "मच्छिंद्रा, हितं पोरगी रडंल का?"

"अरे, चरायला गेलीय शेळी, मेली नाही!"

तरी खोडायचा. शेळी दारातच बांधलेली राहायची. छापखानावाला एकदा म्हणाला, एखादी नदी घाला की, चित्र झकास येतं. बद्रू तसाच उठला आणि येष्टीत बसून परत आला. वाक्यं बोथट होत चालली होती. मला दिसत होतं आणि त्याला माझ्याआधी दिसत होतं. पण तो थांबला नाही, कारण दर नव्या पुस्तकाला तुळजा हसायची. तेवढ्यासाठी जगत होता गडी.

सदुसष्ट साली सोजरामामीचं वर्षश्राद्ध झालं. त्यानंतर एके दिवशी दुपारी तुळजा बद्रूच्या ओट्यावर आली. तेरा वर्षांची झाली होती. मी तिथंच चहा पीत बसलो होतो. तिनं सातही पुस्तकं त्याच्यापुढं ठेवली.

"बद्रूमामा, ह्यातल्या एका बी गोष्टीत आई का न्हाई?"

बद्रू पुस्तकं गोळा करायला लागला.

"पोपटाला आई न्हाई. त्या टोपीवाल्या पोराला न्हाई. हत्तीच्या पिलाला सुद्धा मामाच. का?" मग ती खाली बसली. "मला कार्डाचं ठाव हाय. चौथीत व्हते तवापासून ठाव हाय. शाळंत पोरी बोलत्यात. मला त्याचं भांडण न्हाई काढायचं. पण माजी आई कशी बोलायची, कशी हसायची, मला कुणी सांगत न्हाई. वरवंडला इचारावं तर आजी रडती, हितं इचारावं तर आबा उठून जात्यात. मास्तर म्हणत्यात, तुमी मेलेलं माणूस उभं करायचा. मग माजी आई लिव्हा."

"तू रडशील, तुळजा."

"रडंन. रडू द्या की मला!"

मी चहाचा कप खाली ठेवला. बद्रू कसाबसा म्हणाला, "आबांची शपथ हाय मला." ती तशीच उठली, घरी गेली आणि आबांना घेऊन आली. आबा थकले होते, काठी टेकत आले, ओट्यावर बसले. पोरीनं वाटेत सगळं बोलून घेतलं असणार.

"बद्रू, धा वर्सं मी हिला रडू दिलं न्हाई," ते म्हणाले. "वाटलं, राखतोय पोरीला. चुकलं माजं. ती शपथ मी सोडली. साळू कशी व्हती, ते लिव्ह."

बद्रूच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येत नाही. पोरासारखा म्हणाला, "आठ दिस द्या आबा."

आठ दिवस तो सकाळपासून कागद घेऊन बसायचा. मुमताजवहिनी ताट ठेवून जायची, ताट तसंच परत. मी डाक वाटून येताना डोकवायचो. सुरुवातीला म्हणाला, "हुईल." नंतर म्हणाला, "मच्छिंद्रा, चेहरा दिसतोय. आवाज बी आयकू येतोय. मला हाक मारती ती." पुढं पुढं मला बघितलं की कागद पालथा घालायला लागला. मला आपलं वाटत होतं, जमेल. ज्यानं ते कार्ड एका बैठकीत लिहिलं, त्याला काय अवघड?

नवव्या दिवशी आबा आणि तुळजा आली. बद्रूनं एकच कागद पुढं केला. तुळजानं तो मोठ्यानं वाचला. "अनसा चांगली मुलगी होती. ती सकाळी लवकर उठत असे. ती सर्वांशी गोड बोले. ती सर्वांना फार आवडे." पुढं काही नव्हतं. पोरीनं कागद उलटून मागं बघितलं.

"येत न्हाई, आबा," बद्रू म्हणाला. रडत होता तो, लपवत नव्हता. "लिव्हाया बसलो की पोपट-शेळीचंच वाक्य येतंय. समदं करून बघितलं. दुसरं काय येतच न्हाई हातातनं."

आबांनी काठीवर हनुवटी टेकली आणि त्याच्याकडं बघत राहिले. राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"माज्या खोट्या मरणाला आलं व्हतं की रं तुला," ते म्हणाले. "माज्या पोरीच्या खऱ्याला न्हाई येत?"

तुळजानं कागदाची घडी केली आणि ओट्यावर ठेवली. मग आबांचा हात धरून तिनं त्यांना खाली उतरवलं आणि दोघं घराकडं गेली.